डोक्याला बसलेला ठोसा आणि मेंदूच्या चाचण्या : वाचकांचे प्रश्न

मुष्टियुद्धात डोक्याला बसलेल्या ठोशानंतर मेंदूची तपासणी कशी करावी, याविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी भुसावळला मुलांना बॉक्सिंग शिकवतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्या फेरीत माझ्या एका मुलाच्या हनुवटीवर ठोसा बसला आणि रेफरींनी आठपर्यंत काउंट दिला. कोपऱ्यात आल्यावर त्याने स्वतःचे नाव, गाव आणि समोरच्या मुलाचे कॉलेज बरोबर सांगितले, म्हणून तिसरी फेरी खेळू दिली. रात्री जेवताना मात्र त्याला तिसरी फेरी आठवतच नव्हती. आमची तपासणी कमी पडली का?

तपासणीपेक्षा निर्णय चुकला, असे मला वाटते. स्वतःचे नाव आणि गाव ही माणसाची सर्वांत पक्की स्मृती असते आणि मेंदूला हादरा, म्हणजे कन्कशन, झाल्यावरही ती बहुधा शाबूत राहते. बिघडते ते अवधान आणि नवे काही साठवून ठेवण्याची क्षमता. आपला विद्यार्थी तिसऱ्या फेरीत सवयीच्या जोरावर हातपाय हलवत होता, पण घडणाऱ्या गोष्टींची नोंद त्याचा मेंदू करत नव्हता. खेळात होणाऱ्या बहुतांश हादऱ्यांत शुद्ध हरपतच नाही, त्यामुळे ‘शुद्धीवर आहे’ या एका गोष्टीवर विसंबून चालत नाही.

डॉक्टर वापरतात ती स्कॅट नावाची चाचणी (सध्या तिची २०२३ची सहावी आवृत्ती वापरात आहे) नेमके हेच तपासते. आधी बावीस लक्षणे विचारून प्रत्येकाला शून्य ते सहा गुण दिले जातात. मग दहा शब्द वाचून दाखवतात आणि मुलाने ते लगेच सांगायचे असतात. हे तीन वेळा होते. त्यानंतर अंक उलट्या क्रमाने आणि वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे. पुढे दोन्ही पायांवर, एका पायावर आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, अशा तीन प्रकारे डोळे मिटून वीस-वीस सेकंद उभे राहायचे. या सगळ्यात पाच-दहा मिनिटे गेली की डॉक्टर अचानक विचारतात, “मघाचे ते दहा शब्द कोणते होते?” सगळ्यात बोलका क्षण तो असतो. पहिल्या फेऱ्यांत सात-आठ शब्द सहज सांगणारा मुलगा इथे दोन शब्दांवर थबकतो, छताकडे पाहतो आणि ओशाळून हसतो. अशा वेळी त्याच्या नाव-गावाच्या अचूक उत्तराला काही अर्थ उरत नाही.

मात्र ही चाचणी नीट करायला किमान दहा ते पंधरा मिनिटे आणि शांत जागा लागते, तर दोन फेऱ्यांमधली विश्रांती एका मिनिटाची असते. म्हणजे लढत चालू असताना ‘चाचणी घेऊन ठरवू’ हा पर्याय उपलब्धच नसतो. पाय लटपटले, नजर शून्यात गेली, मुलगा चुकीच्या कोपऱ्याकडे वळला, किंवा पडताना त्याने हात टेकवून स्वतःला सावरले नाही, यांपैकी एक गोष्ट दिसली तरी टॉवेल टाकून लढत थांबवावी. डोक्यावर गार पाणी ओतून किंवा कांदा हुंगवून मुलगा ‘तरतरीत’ दिसू लागतो, पण त्याने मेंदूतला बिघाड दुरुस्त होत नाही. उलट दिसणारी लक्षणे झाकली जातात. प्रशिक्षकांसाठी ‘कन्कशन रेकग्निशन टूल’ नावाचे एक-दोन पानांचे साधन विनामूल्य मिळते. त्याची प्रत प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावी. स्कॅट चाचणी मात्र डॉक्टरांनीच करायची असते.

आता त्या मुलाचे पुढे काय, हे आपण विचारलेले नाही, पण ते सांगणे भाग आहे. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरील मारामुळे लढत थांबल्यास किमान तीस दिवस खेळबंदीची तरतूद आहे आणि शुद्ध हरपली असेल तर ती मुदत वाढते. आपल्या मुलाची लढत कागदोपत्री गुणांवर संपली, म्हणून त्याला ही बंदी लागली नसेल. तरीही ती लागली आहे असे समजूनच वागावे. या काळात स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढतसुद्धा बंद. पहिला हादरा पूर्ण ओसरण्याआधी दुसरा ठोसा बसल्यास, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण घडले की डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. सरावात डोक्याला मार लागल्यावर धुळ्याला सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. तरी आठ दिवस झाले, त्याचे डोके दुखते, पुस्तक उघडले की एक पानही पुढे सरकत नाही. तो अभ्यास टाळतो आहे, असे घरातल्यांना वाटते. (एक आई, शिरपूर)

तो अभ्यास टाळत नाही, हे आधी घरात सांगावे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर आणि मोठी सूज दिसते. हादऱ्यात बिघडते ते चेतापेशींचे काम, म्हणजे त्यांच्यातील क्षारांचा समतोल आणि ऊर्जेचा पुरवठा, आणि ते त्या चित्रात उमटत नाही. नॉर्मल स्कॅनचा अर्थ ‘तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही’ एवढाच घ्यावा. मोठ्यांना बरे व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, किशोरवयीन मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या हलक्या हालचाली चालू ठेवून बाकी आराम, आणि मोबाइल अगदी कमी. त्यानंतर रोज थोडे चालणे आणि वीस-वीस मिनिटांचा अभ्यास, त्रास वाढला की थांबणे, अशा क्रमाने जावे. आधी पूर्ण अभ्यास आणि मगच खेळ, हा क्रम उलटा करू नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट), एका हातापायातील अशक्तपणा, बोलण्यातील अडखळ किंवा जागे करूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर आधीचा स्कॅन नॉर्मल होता म्हणून वाट पाहू नये, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : रक्ताच्या एका थेंबावरून मेंदूची इजा कळते, असे वाचले. आमच्या जिल्हा स्पर्धेच्या वेळी अशी तपासणी ठेवता येईल का? म्हणजे वादच मिटेल. (संघटक, धुळे)

वाद मिटणार नाही, पण प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातील काही प्रथिने रक्तात उतरतात. जीएफएपी हे चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशींतून येते, तर यूसीएच-एल१ प्रत्यक्ष चेतापेशींतून. यूसीएच-एल१ काही तासांतच वर जाऊन ओसरते. जीएफएपी साधारण एका दिवसात शिखर गाठते आणि नंतर काही दिवस सापडत राहते. या दोहोंवर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये पहिल्यांदा मान्यता दिली आणि २०२४ मध्ये रुग्णाच्या शेजारीच सुमारे पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या छोट्या यंत्रावरील तपासणीलाही दिली. पण ही मान्यता कशासाठी आहे, ते बारकाईने पाहावे : अठरा वर्षांवरील, इजेला चोवीस तास पूर्ण न झालेल्या रुग्णाला सीटी स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरवायला मदत म्हणून. ‘हादरा झाला आहे का’ किंवा ‘हा पुन्हा खेळू शकतो का’ या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी ती नाही. आपल्या स्पर्धेतली निम्मी मुले तर अठरा वर्षांखालची असतील.

एस१००बी हे आणखी एक प्रथिन. स्कँडिनेव्हियातील देशांच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत, सौम्य इजा झालेल्या प्रौढाचे रक्त सहा तासांच्या आत घेऊन एस१००बी कमी आले तर स्कॅन टाळता येतो, असे म्हटले आहे. मुष्टियुद्धात मात्र याचा उपयोग फसवा ठरतो, कारण हे प्रथिन चरबीतून आणि हाडांच्या इजेतूनही येते आणि जोरदार व्यायामानेही वाढते. नाक मोडलेल्या, नऊ मिनिटे जिवाच्या आकांताने लढलेल्या मुलाच्या रक्तात ते वाढलेलेच सापडेल, मग मेंदूला काही झालेले असो वा नसो.

मला स्वतःला सर्वांत रस आहे तो न्यूरोफिलामेंट लाइट या प्रथिनात. चेतापेशींच्या लांब तंतूंचा सांगाडा त्याचा बनलेला असतो आणि तंतू तुटले की ते हळूहळू बाहेर येते, आठवडे टिकते. स्वीडनमध्ये हौशी मुष्टियोद्ध्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रव लढतीनंतर सात ते दहा दिवसांनी आणि पुन्हा तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर तपासला गेला; २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लढतीनंतर हे प्रथिन वाढलेले आढळले, डोक्यावर अधिक किंवा जोरदार मार खाल्लेल्यांत जास्त, आणि विश्रांतीनंतर ते उतरले. यातले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडलेले नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे हेच प्रथिन रक्तातही मोजता येऊ लागले. तरीही एका मुलाच्या एका आकड्यावरून त्याला रिंगमध्ये सोडावे की नाही, हे सांगणारी सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेली नाही.

तेव्हा हा खर्च दुसरीकडे करावा. पहिली लढत सुरू होण्याआधी रिंगजवळ डॉक्टर, ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका हवी. त्या दिवशी सर्वांत जवळचे सीटी यंत्र कुठे चालू आहे आणि मेंदूचे शल्यविशारद कुठे हजर आहेत, हे लिहून टेबलावर ठेवलेले हवे. स्पर्धा धडगाव किंवा अक्कलकुव्याला असेल तर घाटातला वेळही त्यात धरावा.

प्रश्न : हंगामाआधी सगळ्या खेळाडूंची स्मरण-चाचणी घेऊन ठेवावी, असे सुचवले गेले. आमच्या मुलामुलींच्या घरी अहिराणी, पावरी, भिलोरी बोलतात आणि संगणकावरची चाचणी इंग्रजीत आहे. ती ग्राह्य धरावी का? (क्रीडाशिक्षिका, शहादा)

इंग्रजीतली चाचणी इथे इंग्रजीचीच परीक्षा घेईल. ज्या भाषेत ती मुलगी शाळेत शिकली आणि सहज विचार करते, त्या भाषेत चाचणी घ्यावी, आणि इजेनंतरही त्याच भाषेत. अंक सुटे सांगावेत : ‘चार, नऊ, तीन’, ‘चारशे त्र्याण्णव’ नव्हे, दर सेकंदाला एक, आवाजात चढउतार न करता. शब्दांची यादी स्थानिक पातळीवर तयार केली, तर तिच्या गुणांची तुलना छापील परदेशी सरासरीशी करू नये. त्या मुलीच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशीच करावी. दुसऱ्या वेळी यादी वेगळी घ्यावी, नाहीतर पाठांतराचेच गुण मिळतात.

यापेक्षा मोठी चूक वेळेची होते. वजन उतरवण्यासाठी दोन दिवस पाणी तोडलेल्या आणि एप्रिलच्या उन्हात जॅकेट घालून धावलेल्या मुलाची वजनाच्याच सकाळी चाचणी घेतली, तर डोकेदुखी, थकवा आणि मंद प्रतिसाद हे सगळे त्याच्या ‘नेहमीच्या’ नोंदीत जाऊन बसते. खानदेशातल्या उन्हाळ्यात तर हे हमखास होणार. चाचणी पोटभर पाणी आणि पुरेशी झोप झालेल्या दिवशी, स्पॅरिंगआधी घ्यावी. काही चलाख मुले मुद्दाम कमी गुण मिळवतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसू नये; चाचणी एकेकट्याने आणि समोर बसून घेतली की ते बहुतेक वेळा ओळखू येते. शिवाय अशी आधीची नोंद असली तर उपयोगी, नसली तरी इजेनंतरची तपासणी अडत नाही.

प्रश्न : हेडगार्ड घातले तर हादरा टळतो ना? (पालक, अमळनेर)

नाही. हेडगार्डने भुवई फुटणे आणि कान चेंगरणे कमी होते. डोके गर्रकन फिरल्याने मेंदूला बसणारा ताण त्याने फारसा अडत नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून ते सक्तीचे होते. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून ते काढले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. त्या निर्णयावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. मुलांनी ते वापरावे, पण ते घातले म्हणून जास्त मार खायची मुभा मिळत नाही.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. तरुणपणी बारा-तेरा वर्षे बॉक्सिंग खेळलो. आता नावे आठवत नाहीत, चिडचिड होते, झोप नीट लागत नाही. ठोशांमुळे मेंदू खराब झाला असेल का, आणि ते कोणत्या तपासणीत कळेल?

आपली भीती निराधार नाही. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच अडखळत चालणाऱ्या, विसरभोळ्या झालेल्या मुष्टियोद्ध्यांचे वर्णन केले होते, आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंच्या तपासणीत त्यांच्या विकृतीचा ठसा स्पष्ट झाला. पण त्या पिढीतले अनेक जण व्यावसायिक होते आणि त्यांनी शेकडो लढती खेळल्या होत्या. धोका ठरतो तो कारकिर्दीची लांबी आणि एकूण मार यांवर, एखाद्या नॉकआउटवर कमी. हौशी गटातल्या, तीन फेऱ्यांच्या लढतींचा भार त्यापेक्षा बराच हलका असतो.

ठोशांमुळे होणाऱ्या दीर्घकालीन मेंदूविकाराचे, म्हणजे सीटीईचे, निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीची तपासणी करूनच होते. जिवंत माणसात त्याची खात्री देणारी रक्ततपासणी नाही. न्यूरोफिलामेंट लाइट वाढलेले आले तरी ते अल्झायमरमध्ये, पक्षाघातात, मधुमेही मज्जातंतुविकारात, इतकेच काय नुसत्या वयानेही वाढते. म्हणून कुणी ‘बॉक्सर पॅकेज’ म्हणून महागडी तपासणी सुचवली तर ती करू नये.

आपण सांगितलेल्या लक्षणांची बरी होण्याजोगी कारणे आधी शोधावीत : ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, मद्यपान, आणि झोपेत श्वास अडकणे. घोरणे मोठे असेल तर शेवटच्या कारणाकडे मी सर्वांत आधी पाहीन. त्यानंतर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून दोन-तीन तासांची सविस्तर बौद्धिक चाचणी करून घ्यावी आणि वर्षभराने पुन्हा. एका दिवसाच्या गुणांपेक्षा वर्षभरातली घसरण किंवा स्थैर्य अधिक सांगून जाते. जाताना पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावे, कारण विसरलेल्या गोष्टींची यादी विसरणाऱ्याला देता येत नाही. खेळलेली वर्षे, अंदाजे लढती, आठवड्यातून किती दिवस स्पॅरिंग होती आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या, एवढे एका कागदावर लिहून सोबत ठेवावे.