काचेचं छत, सिल्व्हर बाजू आणि बाबांचं टक्कल

प्रश्न: नमस्कार दादा, डिसेंबरमध्ये आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, पूर्ण छत काचेचं. शोरूममध्ये बसल्याबसल्या मुलं वर बघून खूश, ही खूश, मीही खूश, आणि वर पडदा नाहीये हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, डिसेंबरच्या उन्हात येणार तरी कसं. आता एप्रिल लागला आणि सगळा तमाशा सुरू झालाय. बाबा ७४ वर्षांचे, डोक्यावर केस नाहीत, ते गाडीत एसी चालू असताना पण पंचा भिजवून डोक्यावर घेऊन बसतात आणि येणारे जाणारे बघून राहतात. मी ऑनलाइन एक काळ्या जाळीचा शेड मागवला, त्याने उजेड कमी झाला पण गरमी आहे तेवढीच, शिवाय दुपारी दोननंतर तो मधून लोंबायला लागतो, आणि परवा पलासियाच्या सिग्नलला मागची क्लिप निघून अख्खा शेड बाबांच्या अंगावर. ते तर ओरडलेच. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो हे सगळं फेका, फिल्म मारून देतो, दहा वर्षं बघायला नको. काय करू? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: आधी बाबांना सांगा की त्यांचं काही चुकत नाहीये, टाळू खरंच भाजते. आपलं इंदूर २२.७ अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या जरासं खाली, म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि परत जुलैच्या सुरुवातीला. उज्जैनच्या वेधशाळेत २१ जूनच्या आसपास भर दुपारी शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या दांड्याची, सावली जवळजवळ नाहीशी होते, ती बघायला लोक मुद्दाम जातात ना, तोच सूर्य तुमच्या गाडीच्या छतावर असतो. त्या वेळी बाजूच्या काचांतून फारसं ऊन येतच नाही, सगळं वरून. आणि भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट पडतात, म्हणजे गाडीच्या छतावर एक इस्त्री चालू करून ठेवली समजा. काळपट काच त्यातलं बरंच अडवते हे खरं, पण अडवते म्हणजे स्वतः पिते, आणि पिऊन पिऊन स्वतः तापते. हात लावून बघा, चटका बसेल. मग ती तापलेली काच आत बसलेल्यांच्या डोक्यावर गरमी फेकत राहते, एसीची हवा तोंडावर गार आणि टाळू गरम, हा जो प्रकार आहे तो इथून येतो.

आता तुमची जाळी. काळी जाळी दोन कामं अर्धी अर्धी करते. भोकांतून ऊन आत येतंच, आणि जे अडतं ते काळं कापड पिऊन घेतं आणि काचेसारखंच खाली फेकतं. एक तवा होता, तुम्ही त्याच्याखाली दुसरा तवा लावलात. म्हणून उजेड कमी आणि गरमी तशीच.

तुम्हाला पाहिजे सिल्व्हर कोटिंगवालं कापड, दोन थरांचं असेल तर अजून चांगलं, आणि चकचकीत बाजू वर, काचेकडे. हे मी परत लिहितो कारण निम्मे लोक उलटं लावतात, आत बसल्यावर चांदी दिसली की गाडी भारी वाटते म्हणून. चांदी वर. चकचकीत बाजू काचेतून आलेलं ऊन परत काचेतून बाहेर फेकते, आणि तापलेल्या काचेची जी गरमी खाली यायची तीही बरीचशी परतवते. चहाच्या थर्मासमध्ये आतली काच चांदीसारखी असते ती याचसाठी, चहाची गरमी बाहेर जाऊ नये म्हणून. इथे आपल्याला उलटं पाहिजे, बाहेरची आत येऊ नये. आतल्या बाजूला काळं किंवा करडं कापड चालेल, छताच्या लायनिंगच्या रंगाशी जुळणारं बघा, पांढरं घेऊ नका, पोहे-जलेबीचे हात मुलं वर लावतात आणि मग ते धुणं तुमच्याच नशिबी.

काही शेडमध्ये खाली जाळी आणि वर वेगळा सिल्व्हर थर टिचबटणांनी लावायचा असतो. तो प्रकार मला आवडतो. आपल्या माळव्यात रात्र गार होते, सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, साडेबाराला घरी येताना वरचा थर काढला तर मुलांना आकाश दिसतं, नाहीतर काचेच्या छताचे पैसे दिले कशाला.

आता लोंबण्याचं. मला वाटतं तुमचा शेड सबंध एका तुकड्याचा आहे. एवढ्या मोठ्या छताला एक तुकडा म्हणजे लांब दोरीवर ओली चादर, मधून झोळ पडणारच. त्यात दुपारी काचेजवळ इतकं तापतं की कापड सैल पडतं आणि क्लिपचं स्वस्त प्लास्टिक मऊ होतं, म्हणून सकाळी ठीक असतो आणि दोननंतर लोंबतो. ज्या गाडीत काचेच्या मध्ये आडवी पट्टी असते तिला दोन तुकड्यांचा शेड घ्या, पुढचा वेगळा मागचा वेगळा. पट्टी नसेल तर निदान मध्ये आडवी तार असलेला बघा. आणि ‘सगळ्या गाड्यांना बसेल’ असं लिहिलेलं काही घेऊ नका, ते कुठल्याच गाडीला धड बसत नाही. तुमच्याच मॉडेलच्या नावाचा आणि त्याच वर्षाचा घ्या, कारण एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदललं की छताची काच बदलू शकते. शंका असेल तर मागवायच्या आधी एक काम करा, मोठा खाकी कागद किंवा चार वर्तमानपत्रं चिकटवून आतून काचेला धरा, कडेने पेनाने रेघ मारा, कापा आणि तो कागद मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे, रिटर्नच्या कटकटीपेक्षा बरं.

लावायचं सकाळी, गाडी सावलीत असताना, काच गार असताना, आणि दोघांनी. शेड उघडला की आधी पुढची बाजू कुठली ते बघा, आरशाजवळ किंवा दिव्याजवळ बहुतेक एक खाच कापलेली असते. मग तारेची फ्रेम हातात धरून नीट बघा, ती सपाट नसते, तिला थोडी कमान असते. ती कमान वरच्या बाजूला ठेवा. उलटी लावली तर पहिल्या दिवसापासून पोट सुटल्यासारखा दिसेल, आणि मला दाट शंका आहे की तुमच्याकडे हेच झालंय. मागच्या कडेपासून सुरू करा, आधी मधली क्लिप, मग दोन्ही कोपरे, मग एकाने मधून तळहाताने वर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने पुढची कड बसवायची. क्लिपची जीभ काच आणि लायनिंगच्या कडेच्या फटीत जाते, ती बोटानेच जाते, नाही गेली तर जुनं एटीएम कार्ड वापरा. स्क्रू ड्रायव्हर नको. लायनिंगची कड एकदा चिरली की ती परत बसत नाही.

आणि एक गोष्ट जरा गंभीरपणे. दरवाज्यांच्या वर, छताच्या दोन्ही कडांना आत कर्टन एअरबॅग घडी करून ठेवलेल्या असतात, ज्या गाडीत आहेत तिथे खांबावर किंवा कडेला ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असतं. त्या कडेच्या लायनिंगमध्ये क्लिप खोल ठोसायची नाही, तिथे चिकटपट्टी नाही, स्क्रू तर अजिबातच नाही. कुणी कारागीर म्हणाला की साहेब दोन हुक मारून देतो कायमचं काम होईल, तर त्याला तिथूनच नमस्कार. शेड काचेच्या चौकटीतच बसला पाहिजे. तसंच आरशाच्या आसपासचे सेन्सर, कॅमेरा, छतातला दिवा, यांच्यावर काही येऊ देऊ नका, आणि आरशात बघितलं तर मागची काच पूर्ण दिसली पाहिजे. तुमचा तो लोंबलेला शेड सिग्नलला पडला म्हणून हसण्यावारी गेलं, बायपासवर शंभरच्या स्पीडला पुढचा तुकडा तुमच्याच तोंडावर आला असता तर?

राहिली फिल्म. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने गाडीच्या सेफ्टी ग्लासवर वेगळी फिल्म चिकटवायला मनाई केली, काळी असो की हलकी, आणि नियमाप्रमाणे पुढच्या मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड गेला पाहिजे. त्यानंतर नियमात बदल झाले, कोर्टात परत वाद झाले, आणि छताची काच त्यात कुठे बसते यावर चौकात उभा राहून पोलिसाशी वाद घालायची माझी तरी तयारी नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ऊन पिणारी गडद फिल्म काचेला आतून चिकटवली की काच अजून तापते, कडेला कुठे बारीक टवका असेल तर तडा जाऊ शकतो, आणि मग वॉरंटीवाले तुमच्या फिल्मकडे बोट दाखवणार. छताची काच बदलणं म्हणजे काय खर्च आहे ते एकदा सर्व्हिस सेंटरला विचारा, झोप उडेल. शेड काढता येतो, फिल्म काढताना रडायला येतं.

कंपन्यांवर वैतागून उपयोग नाही पण मला पण राग येतो. टेस्लाच्या मॉडेल वायला छतावर पडदा नाही, बीवायडी सीललाही सुरुवातीला नव्हता, आणि ह्युंदाईने आयोनिक ५ ला मात्र बटणावर सरकणारा दिलाय, म्हणजे देता येतो. पुढची गाडी घ्याल तेव्हा टेस्ट ड्राइव्ह दुपारी दीड वाजता मागा आणि बाबांना मागे बसवा.

प्रश्न: वरच्यासारखंच आमचं आहे, पण गाडी ऑफिसच्या बाहेर दिवसभर उन्हात उभी असते, आतला शेड लावूनही पाच वाजता भट्टी. मग उपयोग काय? (महू)

उत्तर: उपयोग आहे ताई, पण पार्किंगमध्ये आतला शेड कधीच बाहेरच्याइतकं काम करणार नाही. आतला शेड ऊन काचेतून आत शिरल्यावर त्याच्याशी भांडतो, बाहेरचं कापड त्याला दारातच थांबवतं. घरी आपण खिडकीला आतून पडदा लावतो आणि वाळ्याचा पडदा मात्र बाहेरून सोडतो, तसंच. म्हणून उभ्या गाडीला छतावर एक पांढरी जुनी चादर टाका, कडा दोन्ही बाजूंना दरवाज्यात दाबून दरवाजे बंद करा, वाऱ्याने उडत नाही. फक्त आधी छतावरची धूळ फडक्याने आणि पाण्याने काढा, नाहीतर चादर हलून हलून काचेवर आणि रंगावर बारीक ओरखडे पडतात. पावसाची शक्यता असेल तर टाकू नका, ओल आत येते. वाटलं तर समोरच्या काचेचा शेडही लावा, कारण संध्याकाळी सूर्य खाली आला की ऊन तिथून येतं. आणि निघायच्या आधी सगळे दरवाजे दोन मिनिटं उघडे ठेवा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी. तुमची गाडी इलेक्ट्रिक असेल आणि मोबाइलवरून एसी चालू होत असेल तर निघायच्या दहा मिनिटं आधी तो लावा, थोडी बॅटरी जाते, जाऊ द्या.

प्रश्न: शेड काढला की परत पिशवीत भरताच येत नाही, यूट्यूब बघून पण नाही. नवऱ्याने प्रयत्न केला तर तो उघडून त्याच्या चष्म्याला लागला. (विजयनगर, इंदूर)

उत्तर: लग्नात फोटोग्राफरचा पोऱ्या ती गोल चांदीची थाळी धरून उभा असतो आणि शेवटी एका झटक्यात एवढीशी करून पिशवीत टाकतो, बघितलंय ना? तसंच आहे. दोन्ही लांब टोकं दोन हातांत धरा, एक तळहात वर, दुसरा खाली. आता एक हात पुढे आणि दुसरा मागे पिळा, म्हणजे मध्ये इंग्रजी आठचा आकडा होतो, आणि तो आकडा होताहोताच दोन्ही हात जवळ आणा, गोलावर गोल बसतात. चूक एकच होते, लोक पिळायच्या ऐवजी दाबतात. दाबलं की तार चिडते. नवऱ्याला म्हणावं चष्मा काढून बस आणि तोंड बाजूला ठेव, तिसऱ्या चौथ्या वेळी जमतं. घडी कडक रबराने नाही, तिच्याच पट्ट्याने बांधा.

प्रश्न: थंडीत शेड काढून ठेवू का? (देवास)

उत्तर: काढा. जानेवारीत सकाळी नऊला ते ऊन फुकट मिळतंय, घ्या. फक्त ठेवताना माळ्यावर जड ट्रंकेखाली ठेवू नका, तार वाकली की मार्चमध्ये तो परत लोंबणार आणि तुम्ही परत मला लिहिणार.