हेडसेट घेण्यापूर्वी

आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीचे (लक्ष टिकवणे अवघड जाणे व अतिचंचलता) निदान झाल्यावर आपण व्हीआर हेडसेटची (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणाऱ्या उपकरणाची) चौकशी करीत आहात, म्हणून याच वाटेने गेलेला एक पालक या नात्याने लिहितो. ज्या खेळाचे नाव आपल्याला वारंवार ऐकू येईल, तो ‘एन्डेव्हरआरएक्स’ मुळात व्हीआर नव्हे, तो टॅबलेटवर खेळतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २०२० मध्ये त्याला परवानगी दिली, तीही इतर उपचारांच्या जोडीने वापरण्यासाठी. ३४८ मुलांच्या चाचणीत रोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, असे ४ आठवडे खेळल्यावर संगणकीय अवधान-चाचणीतील कामगिरी सुधारली; मात्र पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत हा खेळ खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांच्या गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही, आणि आपल्याला तर नेमका तोच, गृहपाठाच्या वहीपुढे टिकून बसण्याचा, फरक हवा असतो.

व्हीआरचे आभासी वर्ग प्रामुख्याने लक्ष कुठे विचलित होते हे तपासण्यासाठी विकसित झाले. शिवाय मेटा कंपनीच्या हेडसेटसाठी किमान वय १० वर्षे आहे. तोवर डॉक्टरांनी ठरवलेली औषधे आणि वर्तनोपचार चालू ठेवावेत. पुढे प्रयोग केलाच, तर मुलाला फिट येत नाहीत ना, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे, दहा मिनिटांपासून आरंभ करावा आणि मळमळ वाटताच थांबावे.