पीएच.डी.ला नव्याने नोंदणी केलेल्यांसाठी

नागपूर विद्यापीठात पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी झाली असेल, तर विषयाचे शीर्षक घासूनपुसून घेण्याआधी ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील आपल्या विषयाला लागून असलेले दोन-तीन प्रबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण आधीच्या संशोधकाने प्रश्न कसा मांडला आणि तो कुठे अपुरा राहिला, हे सारांशातून कळत नाही. उदाहरणार्थ, ‘विदर्भातील कापूस उत्पादक शेतकरी’ हे केवळ अभ्यासाचे क्षेत्र झाले. एखाद्या तालुक्यातील शेतकरी बाजार समितीऐवजी खासगी व्यापाऱ्याला कापूस का विकतात, हा प्रश्न झाला आणि त्याचे उत्तर शोधता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षांची मुदत मिळते, पण बहुतेकांची ही मुदत सामग्री गोळा करण्यातच सरते, म्हणून लेखन पहिल्या वर्षीच सुरू करा. प्रत्येक टिपणाखाली संदर्भ पृष्ठक्रमांकासह त्याच वेळी नोंदवा. प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो, हे संगणकावर पाहणाऱ्या साम्य-तपासणीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नसला, तरी दुसऱ्याचा विचार शब्द बदलून स्वतःचा म्हणून मांडणे हे वाङ्मयचौर्यच आहे, मग ते संगणकाच्या नजरेतून सुटो वा न सुटो. मार्गदर्शकांना भेटताना तोंडी प्रगती सांगण्यापेक्षा लिहिलेली चार पाने, कच्ची असली तरी, त्यांच्या हाती द्या.