पंधरा दिवसांपुढचा पाऊस मॉडेलमध्ये बघताना

अठराव्या दिवशी तुमच्या गावात ४० मिमी, असं ॲप सांगत असेल तर तो आकडा सोडून द्या. १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झ यांनी संगणकावरच्या हवामान-मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि पुढचं गणित पार वेगळीकडे गेलं. सुरुवातीच्या नोंदीतली तेवढीशी चूकही दोनेक आठवड्यांत सगळा अंदाज गिळते. म्हणून एकाच रनवर, म्हणजे मॉडेलने एकदा केलेल्या गणितावर, विसंबू नका. युरोपीय हवामान केंद्राच्या (ECMWF) १५ दिवसांच्या एन्सेम्बलमध्ये, म्हणजे सुरुवात किंचित बदलून केलेल्या रनच्या संचात, ५१ रन असतात. ते किती फाकलेत, ते आधी बघा.

त्यापुढे तारीख नको, आठवड्याची सरासरी धरा. हवामान खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. सोबत एमजेओ, म्हणजे विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा, तपासा. तो कुठे आहे ते १ ते ८ फेजमध्ये सांगतात: फेज ३ ते ६ मध्ये असेल तर पावसाळ्यात आपल्याकडे पावसाला सहसा जोर येतो. मात्र त्याची तीव्रता १ च्या खाली असेल तर त्यावर अजिबात भिस्त ठेवू नका.