डॉक्टर टाईप करत नाहीत? आधी क्लेमवाल्यांना विचारा

तुम्ही लिहिलंय की गोव्यात फोंड्याकडच्या तुमच्या हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर येऊन वर्ष होत आलं तरी डॉक्टर कागदावरच लिहितात, आणि मॅनेजमेंट म्हणतं ट्रेनिंग द्या. वाचून आमचेच दिवस आठवले. मी बार्देशात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शन सांभाळते, आयटीतली नाही, वकील तर नाहीच, त्यामुळे बघितलं तेवढंच सांगते.

इन्व्हर्टर, पावसात नेट जाणं हे सगळेच सांगतील. आमचा खरा घात केला तो क्लेम, म्हणजे उपचाराच्या बिलाचे पैसे, पास करणाऱ्या एका ऑफिसने. आमचे वयस्कर सर्जनसुद्धा टाईप करायला लागले होते हो! पण कॉम्प्युटरवरच्या नोट्स, डिस्चार्ज समरी पाठवली की परत, शेरा एकच, हाताने लिहिलेला केस पेपर सही-शिक्क्यासह जोडा. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला आणि डिजिटल सहीला आयटी ॲक्ट २००० पासून कायद्याने मान्यता आहे, हे पत्र लिहून कळवलं, डिजिटल सही घ्यायची तयारी दाखवली, उत्तर नाही. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. पैसे अडकल्यावर ट्रस्टी तरी किती थांबणार, डॉक्टर परत पेनवर आले आणि त्यांचे कागद बघून दुसऱ्या दिवशी टाईप करायला ऑपरेटर बसवला.

आता हे नीट वाचा. ज्या रकान्यांशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही तेवढेच ऑपरेटर भरणार, त्याचा काय दोष? एका बाईंच्या फाईलवर लाल पेनाने पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली, स्क्रीनवर तो रकाना रिकामा. त्या परत ॲडमिट झाल्या त्या रात्री, फाईल कुलपात. सिस्टरने इंजेक्शन भरायच्या आधी त्यांच्या मुलीला विचारलं म्हणून निभावलं. रिकामा रकाना बघून कोणीही ॲलर्जी नाही असंच समजणार! तिथे 'नाही' आणि 'विचारलं नाही' असे दोन वेगळे पर्याय व्हेंडरकडून करून घ्या, आणि काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या: ट्रेनिंगवर आणखी पैसे घालू नका, आधी हाताने लिहिलेला कागद कोणाकोणाला लागतो ते शोधा. तो लागतोय तोवर डॉक्टर दोनदा लिहिणार नाहीत, आणि का लिहावं? एवढी ओपीडी असते. पेशंटची रेकॉर्डं एकमेकांना जोडायचं सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा १४ आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याचा ओळख क्रमांक, पेशंट घेऊन येतात, पण आत नोट्सच नसतील तर काउंटरवरची नोंदणी तेवढी लवकर होते, बाकी काय जोडणार?

अजून एक, आपल्याकडे नावांचा घोळ फार. जुन्या पोर्तुगीज कागदांवर नाईक, कामत यांचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं, की एका माणसाची दोन रेकॉर्डं तयार. नुसत्या नावाने शोधू नका, जन्मतारीख, मोबाईल, गाव बघूनच नवीन नोंद करा.

आणि क्लेमच्या ऑफिसला काय चालेल ते लेखीच मागा. डिजिटल सही चालते असं कोणी लिहून दिलं तर मला जरूर कळवा, आमच्या फाईलला जोडायला हवंय.