चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न : उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे अलीकडेच आले आहे. नजर चुकवणारा, बोलताना वर उजवीकडे पाहणारा किंवा नुसते ओठांनी हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले. या खुणांवर कितपत विसंबावे?

उत्तर : तिन्हींपैकी हसण्याच्या खुणेलाच काहीसा शास्त्रीय आधार आहे. मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, असे निरीक्षण फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये मांडले होते. मात्र असे हसू अनेकांना ठरवूनही आणता येते, आणि नुसत्या ओठांचे हसू हे बहुतेक वेळा साधे सौजन्य असते. त्याला लबाडी समजणे अन्यायाचे ठरेल. डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटे बोलतो, ही समजूत तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मुळीच टिकली नाही. नजर चुकवण्याचे म्हणाल, तर अवघड प्रश्नावर विचार करताना समोरच्या चेहऱ्यावरून दृष्टी हटवणे अगदी स्वाभाविक आहे, कारण त्यामुळे लक्ष विचलित होत नाही. शिवाय संकोची, घाबरलेली किंवा स्वमग्न व्यक्ती पूर्ण खरे बोलत असतानाही आपल्या डोळ्याला डोळा भिडवणार नाही.

खरे-खोटे ओळखण्याविषयीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा लोकांचे अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर आल्याचे आढळले. नाणे उडवून ठरवले तरी पन्नास टक्के उत्तरे बरोबर येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ज्यांच्या व्यवसायातच खोटे पकडणे येते, त्यांची कामगिरीही त्या आढाव्यात सामान्यांहून सरस नव्हती.

भावना ओळखतानाही आपण एकट्या चेहऱ्यावर समजतो तितके अवलंबून नसतो. २०१२ मधील एका अभ्यासात टेनिसपटूंची महत्त्वाचा गुण जिंकल्याच्या व गमावल्याच्या क्षणीची छायाचित्रे लोकांना दाखवण्यात आली. फक्त चेहरा पाहून जिंकणारा कोण आणि हरणारा कोण, हे त्यांना सांगता येईना. चेहरा झाकून केवळ शरीर दाखवले, तेव्हा मात्र ते सहज ओळखता आले. विशेष म्हणजे, पूर्ण छायाचित्र पाहणाऱ्यांना आपण चेहऱ्यावरूनच ओळखले, असे वाटत होते. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपला अंदाज कशावर उभा आहे हेच आपल्याला कळत नसेल, तर त्याविषयी वाटणारा आत्मविश्वास हा त्याच्या अचूकतेचा पुरावा होऊ शकत नाही.

म्हणून चेहऱ्यातील बदल पाहा, पण त्याला प्रश्न विचारण्याचे निमित्त माना, निकाल मानू नका. एखाद्या विषयावर उमेदवार अडखळला, तर त्या कामाविषयी अधिक तपशील विचारा: जबाबदारी कोणती होती, निर्णय कोणी घेतला, अडचण कशी सोडवली. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यावेत. निवडीसाठी ही पद्धत मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाची ठरली आहे.

प्रश्न : मी कामात गढलेली असते तेव्हा माझा लहान मुलगा सारखा विचारतो, ‘आई, तू रागावलीस का?’ माझा चेहराच तसा आहे का?

उत्तर : चेहऱ्यात काही दोष नाही. अडचणीच्या विचारात माणसाच्या भुवया आकसतात, हे डार्विन यांनी १८७२ मध्येच नोंदवले होते, आणि रागातही भुवया तशाच आकसतात. तेव्हा मुलाची शंका रास्त आहे. ‘नाही रे’ म्हणून विषय संपवू नका. ‘मी हिशेब जुळवते आहे, तो जुळत नाही’ असे कारण सांगा. आणि खरोखर रागावला असाल, तर तेही त्याला मोकळेपणाने सांगा, नाहीतर स्वतःच्या बरोबर अंदाजावरचाही त्याचा विश्वास उडेल.