भाडं आगाऊ, भत्ता मागाहून: इंग्लंडमध्ये घर सोडतानाचा घोळ

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, तुझा मावसभाऊ म्हणतो की इंग्लंडमध्ये पगार पुरत नसेल तर सरकार घरभाडं भरतं, ते खरं का? दुसरी, वर्षभराने घर बदलावं लागलं तर डिपॉझिट आणि भाड्याचा हिशेब कसा मिटतो? पहिलीचं उत्तर थोडक्यात देते. दुसरीत मी स्वतः पोळले आहे, म्हणून ती जरा ऐसपैस.

मावसभाऊ अर्धं खरं सांगतोय. भाड्याला मदत मिळते, पण तुला नाही. तू नर्सच्या नोकरीवर, वर्क व्हिसावर येणार. त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असते. हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याचा भत्ता), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा महिन्याचा भत्ता), कौन्सिल टॅक्स रिडक्शन (कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, तिच्या घरपट्टीसारख्या करात कमी उत्पन्नामुळे मिळणारी सवलत), चाइल्ड बेनिफिट, सगळं त्यात आलं. कुणी प्रेमाने म्हणेल, ‘अगं, फॉर्म तर भरून बघ!’ भरू नकोस. व्हिसाची अट मोडली असा अर्थ होऊ शकतो आणि पुढच्या अर्जात ते आडवं येऊ शकतं. घरात एकटीच प्रौढ असलीस तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट असते, ती मात्र पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. ती हक्काने घे.

आता माझी गोष्ट. आम्ही २०१३ मध्ये आलो, २०१८ मध्ये आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली आणि ती अट सुटली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची नोकरी गेली, माझे तास निम्म्यावर आले. दोन महिन्यांचं भाडं थकलं. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही, इतकी वर्षं कर भरलाच होता की. हाउसिंग बेनिफिट हे जुनं नाव लोकांच्या तोंडी अजून आहे, पण ते आता कौन्सिलकडून मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांना मिळतं. नोकरीच्या वयातल्यांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच येते.

आमचं भाडं होतं महिना ९५० पौंड, दर एक तारखेला आगाऊ. त्यातले ८०० सरकारकडून यायचे आणि भाडं थकलेलं असल्यामुळे ते थेट घरमालकाच्या एजंटच्या खात्यात जायचे. उरलेले १५० आमच्या बँकेतून स्टँडिंग ऑर्डरने, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप पाठवायची बँकेला दिलेली सूचना. ऐकायला सुटसुटीत वाटतं ना? गोम अशी की भाडं आगाऊ असतं आणि भत्ता मागाहून येतो. आमचा भत्त्याचा महिना २५ तारखेला सुरू होऊन २४ ला संपायचा, पैसे त्यानंतर आठवड्याने. म्हणजे एक जूनला एजंटला मिळालेले ८०० हे मे महिन्याच्या भाड्यात जमा झाले. जूनचे ८०० पुढच्या हप्त्याची वाट बघत.

२०२१ च्या जूनमध्ये आम्ही रीतसर नोटीस देऊन २० तारखेला किल्ल्या परत केल्या आणि दुसऱ्या घरी गेलो. नवा पत्ता त्याच दिवशी ऑनलाइन कळवला. इथे एक नियम आहे जो आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. भत्त्याच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तू ज्या घरात असशील, त्या घराचं भाडं पूर्ण महिन्यासाठी धरतात. आम्ही नव्या घरात जेमतेम पाच दिवस होतो, तरी हिशेब पूर्ण महिन्याचा नव्या घराचा झाला. जुन्या घराच्या वाट्याला शून्य. पैसे यावेळी आमच्या खात्यात आले. आम्हाला वाटलं, चला, थोडा हात मोकळा झाला. सोफा घेतला!

ऑगस्टच्या मध्यावर एजंटची ईमेल. थकबाकी ८०० पौंड, डिपॉझिटमधून कापून घेत आहोत. नवऱ्याने डोक्याला हात लावला. मी वही काढली. सोलापूरला बाबांचं कापडाचं दुकान होतं, उधारीची खतावणी बघत मोठी झालेय. एजंटकडे ‘रेंट स्टेटमेंट’ मागितलं. हा शब्द लक्षात ठेव. सगळी जमा-नावे तारीखवार मिळते आणि मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

तो कागद बँकेच्या स्टेटमेंटशेजारी ठेवला आणि दोन चुका दिसल्या. एक त्यांची: जूनचं भाडं पूर्ण लावलेलं, आम्ही २० तारखेला सोडूनही. ९५० गुणिले १२, भागिले ३६५, म्हणजे दिवसाला ३१ पौंड २३ पेन्स. वीस दिवसांचे ६२४ पौंड ६६. दुसरी चूक आमचीच: १५० ची स्टँडिंग ऑर्डर बंदच केली नव्हती. एक जुलै आणि एक ऑगस्ट, दोन्ही हप्ते जुन्या एजंटकडे गेले होते आणि तिथे ‘अज्ञात जमा’ म्हणून पडून होते. ६२४.६६ मधून जूनचे १५० आणि हे ३०० वजा केले, उरले १७४ पौंड ६६. तेवढे आमच्याकडून निघत होते हे खरंच, सोफ्यात गेलेले. तक्ता करून ईमेल केली, सोबत किल्ल्या परत केल्याची पोच. चार दिवसांत डिपॉझिट सुटलं, १७४.६६ कापून.

स्टँडिंग ऑर्डर आपणच लावायची असते आणि आपणच तोडायची. घर सोडलं म्हणून ती आपोआप थांबत नाही. गेलेले पैसे बँकही जबरदस्तीने परत आणू शकत नाही, समोरच्याला विनंतीच करावी लागते.

याच्या उलटा प्रकार आमच्या जुन्या इमारतीतल्या गुजराती आजींचा, सगळे त्यांना ‘बा’ म्हणायचे. त्यांना हाउसिंग बेनिफिट होतं, लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा घरमालकाला सांगितलं आणि कौन्सिलला कळवायचं राहिलं. तीन आठवडे भत्ता घरमालकाकडे जात राहिला आणि मग बांच्या नावाने ‘ओव्हरपेमेंट’चं पत्र. असं पत्र पटलं नाही तर महिन्याच्या आत लेखी फेरविचार किंवा अपील मागता येतं. चूक कौन्सिलची असेल आणि जास्त पैसे येताहेत हे आपल्या लक्षात येणं शक्यच नसेल, तर ते वसूल करता येत नाहीत. बांच्या बाबतीत चूक कौन्सिलची नव्हती, हप्ते बांधून फेडले.

तुला भत्ता नाही, म्हणजे यातला निम्मा ताप नाहीच. पण पुण्यात आपण करतो तसं ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ इथे करू नकोस. डिपॉझिट नुसतं घरमालकाच्या खिशात राहत नाही, सरकारमान्य योजनेत ठेवावं किंवा नोंदवावं लागतं, पैसे घेतल्यापासून ३० दिवसांत. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही. वाद झाला तर योजनेचा लवाद फुकट आहे, पण तो कागद बघतो, रडणं नाही. तेव्हा आल्या दिवशी आणि निघताना प्रत्येक खोलीचे फोटो, विजेच्या मीटरसकट.

शिवाय, भाडं ‘पर वीक’ लिहिलं असेल तर चाराने गुणू नकोस. आठवड्याला १५० म्हणजे महिना ६०० नव्हे, ६५०. बावन्न आठवडे भागिले बारा. पहिल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीची थकबाकी अशीच महिन्याला पन्नासाने वाढत गेली.

नोटीसचा नियमही बदलला आहे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूने दोन महिन्यांची नोटीस द्यायची. नवख्या माणसाकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे, तेही आता एका महिन्यापुरतंच. कुणी जास्त मागितलं तर दुसरं घर बघ.

करारनामा हातात आला की सही करण्याआधी भाड्याची तारीख आणि तुझ्या पगाराची तारीख दोन्ही मला कळव. हॉस्पिटलचा पगार महिनाअखेरीस आणि भाडं २५ ला असेल तर पहिल्याच महिन्यात ओढाताण होईल. तारीख बदलून मागायची ईमेल मी लिहून देते.